दोन पट्ट्यांमधला सूर

सगळ्यांत आधी कोण आलं, सांगू? आमच्या विहीणबाई. खुर्च्या मांडणारे अजून खुर्च्यांवरची धूळ झटकत होते, माईकवाला तारा ओढत 'हॅलो, हॅलो' करत होता, आणि या पहिल्या रांगेत अगदी मधोमध, मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या. मी दारातून आत आले तर मलाच म्हणतात, "या या, बसा," जसं काही हॉल यांच्या माहेरचा. मी म्हटलं, "अगंबाई, इतक्या लवकर?" तर म्हणतात, "तुमचा सत्कार, आणि तोही गाण्यासाठी! म्हटलं, हे चुकवलं तर या जन्मात पुन्हा बघायला मिळायचं नाही." आता यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते त्यांचं त्यांना माहीत. मी हसले. विहिणींनी हसायचंच असतं, लढायचं ते मनातल्या मनात.

बघा, नात तिकडून हात हलवतेय. आधी नमस्कार करायचा असतो म्हणे. आठवडाभर घोकून घेतलंय तिने माझ्याकडून आणि मी ऐन वेळी विहिणीपासून सुरुवात केली. तर सन्माननीय अध्यक्षसाहेब, परगावाहून आलेले थोर परीक्षक पाहुणे, संगीत विभागाच्या प्रमुख मॅडम, व्यासपीठावरचे सगळे गुरुजन, आज इथून निरोप घेणारी तिसऱ्या वर्षाची मुलं, त्यांना निरोप देणारी धाकटी मुलं, आणि या सगळ्यांना इथवर पोचवणारे आईबाप, सर्वांना माझा नमस्कार. कोणी राहिलं असेल तर त्यांनाही. माईकवाल्यालाही.

मी शिकले फार नाही. दुकानांच्या पाट्या वाचते, औषधाच्या बाटलीवरचं वाचते, सही करते. भाषणाची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच खेप. त्यामुळे गाडी रुळावरून घसरली तर सांभाळून घ्या.

मॅडम आत्ता माझ्याबद्दल इतकं छान बोलल्या, की मला वाटलं, ही बाई कोण बुवा, ओळख करून घ्यायला पाहिजे! केवढा फुलांचा गुच्छ, आणि हे केवढं मानपत्र, काच लावलेलं. नाकापेक्षा मोती जड. मला उचलवेना, तर पाहुण्यांनी दुसऱ्या बाजूने धरलं. यावर लिहिलंय की मी एक दुर्मीळ स्वर पिढ्यानपिढ्या जतन केला. मी जन्मात काही जतन केलं असेल तर प्लॅस्टिकच्या पिशव्या. सूनबाईला विचारा, ओट्याखालचं कपाट भरलंय.

हसताय. हसा. मला मात्र हे मानपत्र हातात घेतल्यापासून कानांच्या पाळ्या गरम झाल्यात. का, ते सांगायला उभी राहिलेय. पण ते एका दमात सांगता येईल अशी माझी छाती नाही, म्हणून जरा वळसे घेत येते.

आधी माझा धंदा सांगते. मी पाळणाघर चालवते. आईबाप कामावर जाताना मूल सोडतात, परतताना नेतात. घराची पुढची खोली, खाली चटया, चटयांवर गोधड्या, खिडकीला जाड पडदा. आमचे हे बस चालवायचे, आता नाहीत. त्यांची बस आणि माझी खोली, दोन्ही गच्च भरलेल्या. ते म्हणायचे, "माझे प्रवासी निदान उतरतात तरी." दुपारी जेवणं झाली की मुलांना एका रांगेत आडवं करायचं आणि मी रांगेच्या कडेने गुडघ्यांवर सरकत गाणं म्हणायचं. हे जेवायला घरी आले असले की ओसरीतून ओरडायचे, "अगं बास! मुलं झोपत नाहीत, शुद्ध हरपतेय त्यांची!"

तर मुद्दा असा, की मला गाता येत नाही. हे काही मी विनयाने म्हणत नाही. आमच्या घरात ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, जसं आमच्या नळाला पाणी दुपारी येत नाही. मी गायला लागले की कुत्रं उठून जातं. याउलट विहीणबाई. त्या रीतसर शिकलेल्या, गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. साधं "चहा ठेवू का" म्हणतात तेही सुरात. टिकलीचा गळा त्यांच्याकडून आला, हे त्यांनी मला टिकलीच्या बारशापासून सांगितलंय आणि त्यात खोटं काही नाही.

टिकली म्हणजे माझी नात. ती तिसऱ्या रांगेत बसलीय, मान खाली घालून. कागदोपत्री तिचं नाव मोठं आहे, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती, की हे म्हणाले, आरशाला चिकटवली तरी चिकटेल. तेव्हापासून टिकली.

बारावी झाली आणि टिकली म्हणाली, मला विद्यापीठात गाणं शिकायचंय, डिग्री गाण्यातच घ्यायचीय. माझ्या मुलाचं चष्म्याचं दुकान आहे. तो हातातली काच पुसायची थांबला. म्हणाला, "गाण्याची डिग्री? म्हणजे लोक आजारी पडले की हिला बोलावणार का?" सूनबाई म्हणाली, "तुमच्या दुकानात तरी आजारी माणसं येतात का?" जुंपली दोघांची. मला विचाराल तर मला नुसता आनंद झाला होता. का, कुणास ठाऊक. जे आपल्याला मुळीच येत नाही ते आपल्या घरातल्या पोरीला यावं, ही हाव असते माणसाला.

मला वाटायचं, गाण्याचं कॉलेज म्हणजे सगळे बसलेत, गातायत, मजा आहे. पण तसं नसतं हो! डबा द्यायला मी एकदा आले होते. वरच्या मजल्यावर तो लांब बोळ आहे ना, दोन्ही बाजूंना सरावाच्या खोल्या, दारांना आतून स्पंज लावलेला, तरी प्रत्येक दारातून वेगळं काही बाहेर येत होतं. एका दारातून व्हायोलिन, एकातून तबला, एकातून कोणीतरी नुसतं 'आ' धरून बसलेलं. मला माझ्या पाळणाघराचीच आठवण झाली, सगळी एकदम रडायला लागली की असंच होतं. रिकामी खोली मिळावी म्हणून मुलं कुलूप उघडायच्या आधी येऊन दारापाशी बसतात. पहिल्या वर्षी आमची टिकली किती महिने नुसता 'सा' लावत होती. मुलगा म्हणाला, "अजून पुढचं अक्षर शिकवलं नाही का?" आणि नुसतं गाऊन भागत नाही, लेखी पेपर असतात. गाण्याचा लेखी पेपर! पोहण्याची परीक्षा खुर्चीवर बसून द्यावी तसं.

टिकली आनंदात होती का? सुरुवातीला होती. मग गप्प व्हायला लागली. घरात ती गाणारी एकटी होती, इथे सगळेच गाणारे. मॅडम, राग मानू नका, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण दोन वर्षं तुम्ही तिच्या गाण्यावर एकच शब्द म्हणत आलात. 'बरं आहे.' घरी येऊन ती आरशासमोर तुमची नक्कल करायची, "बरं आहे. पुढे कोण?" आम्ही हसायचो. ती पण हसायची. नंतर तिने नक्कल करायचं सोडलं, तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षाला यांचा एक उपक्रम असतो. प्रत्येकाने आपल्या घरातलं एक गाणं शोधायचं, जे कुठे छापलेलं नाही. ते घरच्या माणसाकडून ऐकून ऐकून उचलायचं, त्याची स्वरलिपी लिहायची, त्याचा अभ्यास मांडायचा आणि परीक्षकांपुढे गायचं. या एका कामाला बऱ्याच गुणांचं वजन असतं. वर्गातल्या एका व्हायोलिनवाल्या मुलीने आपल्या काकांचं आणलं, एकाने आत्याचं. टिकलीने माझं आणलं. विहीणबाई तेव्हा रुसल्या होत्या, "माझ्याकडे इतकी गाणी असताना!" टिकली म्हणाली, "तुझी सगळी पुस्तकात आहेत गं." ते खरं होतं. माझं कुठल्याच पुस्तकात नाही आणि का नाही, ते मला माहीत होतं.

ते गाणं असं आहे. म्हणून दाखवत नाही, घाबरू नका, नुसतं सांगते.

दार लोटा गं, दिवा झाका गं,
वारा अंगणी थांबला का,
सोनुला माझा दमला का,
डोळा लागला का?

बस, एवढंच. पुन्हा 'दार लोटा' पासून सुरू. टिकलीने मला खुर्चीवर बसवलं, समोर मोबाइल ठेवला आणि म्हणाली, "नेहमीसारखं म्हण." मी म्हटलं.

मग काही दिवसांनी ती घरी आली ती उड्या मारत. मॅडमनी म्हणे ते वर्गात पुन्हा पुन्हा लावलं. शेवटच्या ओळीत 'डोळा' या शब्दावर मॅडमनी हात वर केला. म्हणाल्या, थांबा, हा सूर कुठला? पेटी काढली, या पट्टीवर बसेना, त्या पट्टीवर बसेना, दोन पट्ट्यांच्या मधलाच कुठला तरी. आणि दर वेळी अगदी तिथेच लागतोय, इकडे नाही, तिकडे नाही. मॅडम म्हणाल्या, ही चूक नाही, चूक इतकी नेमाने होत नसते. आणि टिकलीला पहिल्यांदा पुढे बोलावून आपल्या शेजारी बसवलं.

हे सगळं टिकली मला सांगत होती आणि मी टाळ्या पिटत होते. मला वाटलं, आहे बुवा माझ्यात काहीतरी. आमचे हे उगाच बोलायचे. मी तर त्यांच्या फोटोपुढे जाऊन म्हटलं, "ऐकलंत?" खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मी कणीक मळतानासुद्धा जरा मोठ्यानेच गायले.

अध्यक्षसाहेब घड्याळाकडे बघतायत. आलेच, साहेब, आता वळसे संपले.

मागच्या रविवारी या मुलांचा सगळा वर्ग मला आमंत्रण द्यायला घरी आला. आधी व्हायोलिनवाली आली, लंबूटांग पोरगी, दाराच्या चौकटीला डोकं लागतं. मग बाकीचे. चहा झाला, बिस्किटं झाली. मग ही पोरगी म्हणाली, "आजी, तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय," आणि सगळे उभे राहिले आणि माझं गाणं गायला लागले.

किती गोड गात होती म्हणून सांगू! माझ्या गाण्याला कोणी तरी आंघोळ घालून, भांग पाडून आणलंय असं वाटलं. आणि मग 'डोळा' आला. आणि सगळ्यांनी, वर्गच्या वर्गाने, एकदम सूर खाली घसरवला. दबका, घुसमटलेला, माझ्यासारखा. अगदी माझ्यासारखा! मला वाटलं, माझी थट्टा करायला आलीत. मी कपबशा गोळा करत उठले. म्हटलं, "पोरांनो, म्हातारीची नक्कल तिच्याच घरात बसून करायची, हे काही बरं नाही. गळा नाही माझ्याकडे, मला ठाऊक आहे."

व्हायोलिनवालीचे डोळे भरले. ती म्हणाली, "आजी, नक्कल कशी? या एका सुरासाठी आम्ही महिनाभर घासतोय. माझ्या बोटांना अजून सापडला नाही तो."

मी कपबशा परत खाली ठेवल्या. महिनाभर! माझ्या त्या एका सुरासाठी!

आता नीट ऐका. तो सूर काय आहे, ते सांगते. मी गाते तेव्हा रांगेतल्या मुलाच्या शेजारी गुडघ्यांवर बसलेली असते. 'डोळा लागला का' म्हणताना मी खरंच वाकून बघते, की डोळा लागलाय का. पार खाली, माझं तोंड मुलाच्या तोंडापाशी. पापणी हलली तर पुन्हा पहिल्यापासून. नाही हलली तर पुढच्या मुलाकडे सरकायचं. वाकलं की पोट दबतं, गळा मुडपतो, सूर घसरतो. संपलं. रोज त्याच शब्दाला वाकायचं, इतकी वर्षं. आता मूल समोर नसलं, खुर्चीवर बसवून मोबाइल ठेवलात, तरी 'डोळा' आला की माझी कंबर आपोआप वाकते. म्हणून दर वेळी तिथेच घसरतो. मॅडम, तुमचं बरोबर होतं, ती चूक नव्हती. पण तो सूरही नव्हता. ती माझी कंबर होती.

आणि गाण्याला शेवट नाही, ते गोल फिरत राहतं, यावर मॅडमनी मघाशी केवढं सुंदर सांगितलं. मला लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं. मॅडम, शेवट आहे त्याला. शेवटचं मूल झोपलं की मी गप्प होते.

हसा, हसा. पाहुणेही हसले. बरं वाटलं. मॅडम मात्र हसत नाहीत. मॅडम, तुम्ही यावर मोठा लेख लिहिलात आणि पाहुणे तो मोठ्या सभेत वाचायला नेणार आहेत, हे मघाशी कळलं. मी पाहुण्यांबरोबर ते मानपत्र धरून उभी होते, फोटोवाला "हसा" म्हणत होता आणि मी मेल्याहून मेल्यासारखी हसत होते. चांगल्या घरच्या हळदीकुंकवात... नाही, कशाला उपमा देऊ, मला साधंच सांगता येतं. दुसऱ्याच्या वाट्याचं ताट आपल्यापुढे आलं, आणि सगळे 'जेवा, जेवा' म्हणतायत, तसं झालं.

तुम्ही म्हणाल, मग रविवारीच का नाही बोललीस, बाई? बोलणार होते. "अरे, तिथे तर मी वाकते," हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी टिकलीकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

मुलं गेल्यावर आम्ही दोघी बोललो. काय बोललो, ते मी सांगणार नाही. आम्ही वाटणी केलीय. निम्मं मी सांगायचं, निम्मं तिने. सूर कसा घसरतो हे माझ्या वाट्याचं होतं, ते सांगून झालं. या मानपत्रावर लिहिलंय 'पिढ्यानपिढ्या', आणि मला ते गाणं कुणी शिकवलेलं नाही, मुलांना झोपवता झोपवता एकेक ओळ मीच जुळवलीय. मग पिढ्या कुठून आल्या? ते तिच्या वाट्याचं. ते तिने सांगितलं तर तिची डिग्री अडेल, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे. नाही सांगितलं तर कोणाला काही कळणार नाही, आजी अडाणी आहे, विसरली असेल, म्हणतील. मी तिला सक्ती केलेली नाही. तिला एवढंच म्हटलंय, की माझं निम्मं झालं की मी थांबेन.

तर मी थांबले.

जरा पाणी पिते.

...तोवर आभार मानून घेते. माईकवाल्या दादांनी माईक माझ्या उंचीला खाली करून दिला, त्यांचे आभार. ज्यांनी फुलं आणली त्यांचे. ज्यांनी खुर्च्या... खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार मानले का मी? नसतील तर मानते.

विहीणबाई, तुम्ही कुठे निघालात? अहो, संपलं नाही अजून. ...बरं. बरं, बसा तिथे. तिच्या शेजारी बसा. काही बोलू नका तिला मात्र.

उठली. उठली माझी पोर.

ये, इथे माईकपाशी ये. नको? तिथूनच? बरं, मग मोठ्याने बोल. मागच्यांना ऐकू जात नाहीये. तिचा आवाज बसलाय. मी सांगते, तिचेच शब्द सांगते, माझं काही घालत नाही. ती म्हणतेय, मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी पाळणाघरातल्या त्याच रांगेत शेवटच्या गोधडीवर झोपायचे, आजीचं तोंड खाली यायचं ते मी डोळे किलकिले करून बघायचे. मॅडमनी वर्गात विचारलं, हा सूर आजीकडे कुठून आला? सगळा वर्ग माझ्याकडे वळला होता. मी म्हटलं, आजीच्या आजीकडून.

काय? ...हो. ती म्हणतेय, मला तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा होता, पण मॅडम म्हणाल्या, "शाबास."

पुढे म्हणतेय, सांगायला मॅडमच्या खोलीपाशी कितीदा गेले. आत त्या आजीचंच गाणं पेटीवर वाजवून बघत असायच्या. मी परत फिरायचे. वर्गातल्या सगळ्यांनी त्या सुरासाठी सरावाच्या खोल्या अडवल्या, स्वतःची गाणी बाजूला ठेवली, त्यांची मी माफी मागते.

बस बाळ. खाली बस. ...नाही बसत? मग राहा उभी.

चष्म्याच्या दुकानदारा, माझ्या लेका, तू दाराकडे काय बघतोयस? निघून जावंसं वाटतंय? मलाही वाटतंय. पण टिकली उभी आहे तोवर आपण हलायचं नाही.

मॅडम उठल्या. घ्या, माईक घ्या. नको म्हणतायत, बसूनच बोलतात. मला या कानाने कमी ऐकू येतं, मॅडम, जरा इकडून बोला.

...मागच्यांनी ऐकलं का? मॅडम म्हणाल्या, लेख त्या मागे घेणार. परीक्षकांची त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. टिकलीला म्हणाल्या, या कामाचे गुण रद्द होतील, काम पुन्हा नव्याने करायचं, तोवर निकाल थांबेल. पुढच्या महिन्यात सगळे डिग्री घेतील तेव्हा ती त्यांच्यात नसेल. अध्यक्षसाहेबांनीही मान हलवली. बरोबर आहे. आमची काही हरकत नाही. मुलाखतीला बोलावलं होतं तिला पुढच्या शिक्षणासाठी, तेही या वर्षी राहिलं. तेही बरोबर.

आणि मग मॅडम आणखी एक बोलल्या, ते हळू बोलल्या, मला सांगायची परवानगी आहे का? ...आहे म्हणतात. म्हणाल्या, "टिकली खोटं बोलली याचं मला वाईट वाटलं. पण दोन वर्षं ती खरं गात होती तेव्हा मी वर मान करून बघितलं नाही, त्याची मला लाज वाटते."

लाज सगळ्यांना वाटून पुरली आज. लोक म्हणतात, खरं बोललं की हलकं वाटतं. मला तर काही हलकं वाटत नाहीये. ही पोर रडतेय, मॅडमनी चष्मा काढलाय, आणि ज्या मुलांचा आज निरोपाचा दिवस, हसायचा, फोटो काढायचा दिवस, त्यांच्या दिवसावर आम्ही पाणी ओतलं. मुलांनो, त्याबद्दल मी तुमच्यापुढे हात जोडते. तुम्ही गोड गाता. 'डोळा' सुद्धा तुम्ही गोड गायलात, मीच उगाच चिडले.

काय म्हणता, पाहुणे? ...ऐका, ऐका, परीक्षक पाहुणे विचारतायत, "आजी, पण मुलं झोपतात का?"

झोपतात की हो! म्हणजे काय! न झोपून सांगतात कोणाला? कसलंही हट्टी मूल आणा. फार तर तीनदा 'दार लोटा' म्हणावं लागतं.

पाहुणे म्हणतायत, मोबाइलमध्ये ऐकलं, पेटीवर लावलं, कागदावर उतरवलं, पण आपण कोणी ते होताना जाऊन बघितलं नाही. टिकलीने नवं काम लिहायचं ते याच गाण्यावर लिहावं, आहे तसं, कंबरेसकट. मॅडमना विचारतायत, चालेल का? ...मॅडम म्हणतायत, चालेल, पण यात सूट नाही, पहिल्यापासून तपासणार, आणि गुरुवारी दोघंही पाळणाघरात येऊन बघणार. तपासा, मॅडम. हवं तितकं तपासा. टिकली, ऐकलंस ना? मान हलवू नकोस, 'हो' म्हण. ...म्हणाली.

हे मानपत्र मी इथे टेबलावर ठेवून जाते. रागाने नाही हं, मॅडम. यावरचं माझं नाव तेवढं खरं आहे, बाकीचं खोडायला काच काढावी लागेल. फुलं नेते. फुलांवर काही लिहिलेलं नाही.

आता संपवते. अध्यक्षसाहेबांनी मला थांबवलं नाही, त्यांचे उपकार. मॅडमनी माझ्या नातीला तीन वर्षं शिकवलं, आणि शिकवणं अजून संपलेलं नाही, त्यांचे उपकार. विहीणबाई, तुम्ही उठून तिच्यापाशी गेलात, ते मी विसरणार नाही. उद्यापासून लढाई पुन्हा सुरू झाली तरी विसरणार नाही. निरोप घेणाऱ्या मुलांनो, जिथे जाल तिथे सुखात गा. माझ्या बोलण्यात काही वेडंवाकडं आलं असेल, कोणाला मान द्यायचा राहिला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर लेकुरवाळ्या म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. व्याकरणाबिकरणाचं मला कळत नाही.

आणि मॅडम, पाहुणे, तुम्ही दोघंही माझ्या पाळणाघरात येतो म्हणालात, ते सगळ्यांनी ऐकलंय. गुरुवारी म्हणालात. मुलांची जेवणं आटपतात, पडदा ओढते, त्या सुमाराला या. घंटी वाजवू नका, टिकली दारात उभी असेल. खुर्ची मिळणार नाही, खाली चटईवर बसावं लागेल, आणि पाऊल न वाजवता यावं लागेल. गुरुवारी. मी वाट बघते.